औत सोडताना

शेतकऱ्याच्या दिवसाचे वर्णन आपल्या साहित्यात पुष्कळ झाले आहे. पण ते बहुधा औत जुंपण्यापासून सुरू होते आणि नांगरणीच्या रंगात येऊन थांबते. संध्याकाळी औत सोडतात कसे, याविषयी फारसे कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. कदाचित ती दमलेल्या माणसाची वेळ असते आणि दमलेल्या माणसाकडे लिहिणाऱ्याचे लक्ष जात नाही. माझ्या आजोबांचे मात्र सारे लक्ष त्याच वेळेवर असे. नवा गडी कामावर ठेवायचा तर ते त्याला सकाळी शेतावर बोलवीत नसत. दिवस मावळायच्या सुमाराला बोलवीत. "जुपतंय कुनीबी, सोडतंय कसं त्ये बगायचं," असे ते म्हणत.

आपल्यापैकी बऱ्याच घरांप्रमाणे आमचेही घर चार-पाच पिढ्यांपूर्वी सातारा भागातून येऊन निपाणीच्या परिसरात वसले. जमीन काळी, तंबाखूची. भारी नांगराला सहा आणि आठ बैल लागत. तेवढे बैल एका घरचे कोठून असणार? म्हणून शेजाऱ्यांशी पैरा करावा लागे. मला आठवते ती पैऱ्याची नांगरट सन १९५८-५९ च्या सुमाराची, म्हणजे मी सात-आठ वर्षांचा असतानाची. शेवटचे तास संपले की आजोबा प्रथम सगळे बैल निश्चल उभे करीत. मग नांगर बाजूला कलवून आडवा पाडीत. फाळाचे टोक बैलांच्या पायांपासून दूर, बांधाकडे वळले आहे हे वाकून पाहत, आणि मगच शिवळांतून जोती मोकळी करीत. त्यातही मागची जोडी आधी की पुढची, याला नियम होता. एकदा एका गड्याने घाईत एकाच बैलाची जोती सोडली. तो बैल घराच्या ओढीने पुढे सरला, जू कलंडले, नांगर ओढला गेला आणि जोडीच्या बैलाच्या मागच्या खुराला फाळ लागला. 'फाळ लागला' हे दोन शब्द ज्यांनी शेतकऱ्याच्या घरात ऐकले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. तो बैल पुढे चालला, पण नांगराला पुन्हा कधी लागला नाही.

नांगर लोखंडी होता, किर्लोस्करी. त्याचा इतिहासही आपल्याच मुलखातला. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. आणि बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांचे पहिले नांगर बराच काळ विकलेच गेले नाहीत. लोखंड जमिनीत गेले की जमीन नासते, तिला विष चढते, असा लोकांचा समज होता. या समजाला आपण आज हसतो. मला मात्र त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी वाटते. नव्या अवजाराने कोणाला इजा होईल, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांनी विचारला होता. उत्तर चुकले असेल, पण प्रश्न विचारला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा आमच्या घरात तो कोणी विचारला नाही.

ट्रॅक्टर आला १९७९ साली. निपाणीचे तंबाखू आंदोलन झाले त्याच्या दोन वर्षे आधी. भारतीय बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबादला तयार झाला होता, म्हणजे आमच्या दारात तो यायला पुरी वीस वर्षे लागली. आणि आला तोही दुसऱ्याचा वापरलेला, पस्तीस अश्वशक्तीचा. त्याच्याबरोबर दोन फाळांचा नांगर आणि नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर. गावातील मंडळी पाहायला जमली. विकणाऱ्याने उजव्या हाताच्या बाजूची एक लहानशी लिव्हर दोन बोटांनी मागे ओढली आणि तो अवजड नांगर एखादे मूल उचलावे तसा अलगद वर आला. वडिलांनीही ती ओढून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले ते मी विसरलेलो नाही. ज्या माणसाने तीस वर्षे प्रत्येक तासाच्या टोकाला नांगर हाताने उचलून वळवला होता, त्याचे ते हसू होते.

या दोन बोटांच्या जादूमागे हॅरी फर्ग्युसन नावाचा आयर्लंडमधील एक शेतकरीपुत्र आहे. जन्म १८८४ चा. आयर्लंडमध्ये स्वतःच्या हाताने विमान बांधून १९०९ साली ते उडवणारा हा गृहस्थ पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी कामासाठी गावोगाव ट्रॅक्टरची नांगरणी पाहत हिंडत होता. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे, बैलगाडीला ओढा बांधावा तसा नुसता जोडलेला असे. फाळ दगडात अडकला की नांगर थांबे, पण चाकांचा जोर थांबत नसे. मग ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि तो उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडण्याची युक्ती काढली. खाली दोन बाजूंना दोन दांडे, वर मध्यभागी एक. काम करताना नांगराचा रेटा या वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या अंगात जातो आणि त्याचे तोंड जमिनीवर दाबून धरतो. उचलणे-टेकवणे तेलाच्या दाबाने होते. १९३८ साली त्याने आणि हेन्री फोर्डने केवळ हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्याच वर्षी ही जोडणी असलेला ट्रॅक्टर बाजारात आला. आज आपल्या शिवारात जो कोणत्याही रंगाचा ट्रॅक्टर दिसतो, त्याच्या पाठीमागे हेच तीन दुवे असतात. आमच्याकडे खालच्यांना नुसते 'लिंक' म्हणतात आणि वरच्याला 'टॉप लिंक'.

म्हणजे ही जोडणी मुळात माणसाचा जीव वाचवण्यासाठी जन्माला आली, आणि शेतात तिने तो वाचवलाही. पण तिने आणखी एक गोष्ट केली, जिचा विचार बहुधा फर्ग्युसननेही केला नसावा. तिने वजन नाहीसे केले. आजोबांच्या खांद्याला, कमरेला, तळहाताला नांगराचे वजन रोज कळत होते. माझ्या हाताला फक्त लिव्हरचे वजन कळत होते. चार क्विंटलांचे लोखंड दिवसभर आपल्या पाठीमागे तरंगत असते आणि आपल्याला त्याची जाणीवही नसते. ते वजन एकदाच परत येते. तिन्ही पिना काढून औत ट्रॅक्टरपासून वेगळे करायचे असते, तेव्हा.

आता जे सांगायचे ते सांगतो.

सन १९८६ चा मे महिना. आदल्या रात्री वळीव कोसळला होता आणि दुपारपर्यंत वरच्या पट्टीला छान वाफसा आला होता. वाफसा फार थांबत नाही. नांगर काढायचा, कल्टिव्हेटर लावायचा आणि अंधार पडायच्या आत पट्टी उरकायची असे ठरले. मी पस्तिशीचा, धाकटा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. ट्रॅक्टर परड्यात आणला. परड्याला विहिरीकडे उतार. नांगर जमिनीला लागला असे मला वाटले, म्हणून मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरलो. लिव्हर पुरती खाली गेली नव्हती. नांगर लागला होता तो फक्त पुढच्या फाळावर. त्याचे शेपूट अधांतरी होते, आणि ते सारे वजन टॉप लिंकने ताणून धरले होते. भावाच्या ते ध्यानात आले. तो एक चपटा दगड घेऊन शेपटाखाली सरकवू लागला. मी दुसऱ्या बाजूला टॉप लिंकच्या पिनशी झटत होतो. पिन हलेना. हलणार कशी? ताणात सापडलेली पिन हाताने निघत नाही, आणि ती निघत नाही हाच तिचा इशारा असतो. मला तो कळला नाही. मी हातोडा घेतला.

भाऊ कोठे आहे, हे मी पाहिले नाही. "दादा, थांब," असे तो म्हणाला असे तो आजही म्हणत नाही. पण म्हणाला असावा, आणि इंजिनाच्या आवाजात ते मला ऐकू आले नसावे. तिसऱ्या घावाला पिन उडाली. नांगर खाली आला तो जेमतेम चार बोटे. लोखंड आणि दगड यांच्यामध्ये त्याचा डावा हात होता.

निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. जीपमध्ये त्याचा हात टॉवेलात गुंडाळून मी मांडीवर धरला होता. तर्जनी आणि मधले बोट गेले. पट्टीचा वाफसाही गेला, हे लिहिताना आज मला लाज वाटते, कारण परतीच्या वाटेवर माझ्या मनात तोही विचार येऊन गेला होता.

पुढे पंधरवड्याने तो गोठ्यात धार काढायला बसला. दोन बोटांविना मूठ वेगळी पडते. ती गाय त्याच्याच हाताची होती, तरी तिने चार दिवस पान्हा चोरला. तो काही बोलला नाही. रोज बसत राहिला. मी सोप्यात बसून ते ऐकत असे. चरवीत पडणाऱ्या धारेचा ताल बदलला होता.

या प्रकरणाची घरात पुन्हा चर्चा झाली नाही. आपल्याकडे अशा गोष्टी दैवावर घालण्याची रीत आहे, आणि ती रीत अपराध्याला फार सोयीची असते. 'वेळ वाईट होती' असे आई म्हणे. वेळ मुळीच वाईट नव्हती. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि स्वच्छ ऊन होते. चूक कोणती झाली हे मला शब्दांत सांगता येईना, एवढेच.

ते शब्द मला संकेश्वरच्या एका मेस्त्रींनी दिले. वेल्डिंगचे दुकान, वय साठीच्या पुढे, मातृभाषा कन्नड. वाकलेली टॉप लिंक सरळ करायला मी त्यांच्याकडे गेलो. ती कशी वाकली हे त्यांनी विचारले आणि मी प्रथमच कोणाला तरी सगळे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी दोष दिला नाही, सांत्वनही केले नाही. दुकानासमोर उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरपाशी मला नेले आणि म्हणाले, "काढा. मी बघतो." दीड तास त्यांनी मला एकच औत काढायला आणि लावायला लावले. मध्ये मध्ये एकच शब्द उच्चारत, 'सावकाश'. मी समजत होतो की ते माझ्यासाठी मराठी बोलत आहेत. नंतर कळले की तो शब्द आमच्या भागातल्या कन्नडमध्येही तसाच आणि त्याच अर्थाने नांदतो. आपली कुरी त्यांच्याकडे कूरिगे असते, तसाच हा शेजारधर्म. सीमेच्या दोन्ही बाजूंना घाईला मात्र इतका देखणा समाईक शब्द नाही, ही आपली एक जाता जाता गोष्ट.

त्यांनी शिकवले ते असे. जागा आधी. औत सोडायचे ते सपाट आणि टणक जमिनीवर. उतारावर नाही, चिखलात नाही, आणि जेथे ते पुन्हा जोडायला ट्रॅक्टर सरळ मागे येऊ शकेल अशाच ठिकाणी. कारण चुकीच्या जागी सोडलेले औत नंतर माणसे हाताने ढकलू लागतात आणि तिथेच पाय सापडतात. मग औत पुरते टेकवायचे. लिव्हर शेवटपर्यंत खाली. ब्रेक लावून गिअर घालायचा, इंजिन बंद करायचे आणि किल्ली काढून खिशात ठेवायची. किल्ली खिशात का, असे मी विचारले, तर मेस्त्रींनी शेजारी खेळणाऱ्या आपल्या नातवाकडे बोट दाखवले.

त्यानंतर ओंडके. औताची स्वतःची घोडी असेल तर ती खाली पाडून तिची पिन लावायची. नसेल तर जाड लाकडाचे ठोकळे. ठोकळा हाताने धरून लोखंडाखाली घालायचा नाही, काठीने किंवा पहारीने सरकवायचा. दगड कधीच नाही, कारण दगड फुटतो आणि निसटतो. हे ऐकताना मी मान खाली घातली असावी. औत हाताने हलवून पाहायचे. ते डुगडुगले तर अजून ते ट्रॅक्टरच्या आधारावर उभे आहे असे समजायचे. ते आपल्या पायांवर उभे राहिले की मगच पिनांना हात लावायचा.

पिनांचा क्रमही ठरलेला. जोडताना आधी डावी लिंक, मग उजवी, शेवटी टॉप लिंक. सोडताना नेमके उलटे: टॉप लिंक पहिली, मग उजवी, डावी सर्वांत शेवटी. याचे कारण साधे आहे. डाव्या लिंकची लांबी बांधलेली असते. उजवीला दांडा फिरवून उंच-सखल करता येते. टॉप लिंक तर मळसूत्रासारखी फिरवून लांब-आखूड होते. जे हलत नाही ते आधी जुळवावे आणि जे हलते ते त्याच्याशी जमवून घ्यावे. सोडताना टॉप लिंक फिरवत जायचे, ती हाताला सैल लागेपर्यंत. सैल झाली की पिन दोन बोटांनी निघते. निघाली नाही तर हातोडा शोधायचा नाही, ताण शोधायचा. 'पीन बोलतंय, तुमी ऐकत नाय,' असे मेस्त्री म्हणाले. त्यांच्या मराठीतले लिंग नेहमीच चुके. मला ते वाक्य मात्र शुद्ध वाटले.

आणि शेवटची गोष्ट, तेलाची. उचललेले औत तेलाच्या दाबावर उभे असते. सील झिजलेले असते, झडपेतून थेंब थेंब तेल मागे जाते. रात्री वर ठेवलेला नांगर सकाळी जमिनीवर आलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. तो हळूहळू येतो म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण नळी फुटली किंवा कोणाचा धक्का लिव्हरला लागला तर तो हळूहळू येत नाही. फाळ बदलायचा असो, रोटाव्हेटरच्या पात्यांत गुंतलेले पाचट काढायचे असो, उचललेल्या लोखंडाखाली ठोकळे दिल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही, मग डोके घालणे दूरच.

रोटाव्हेटर त्या काळी आमच्या भागात नव्हता. तो उसाबरोबर नंतर पसरला. त्याला आणखी एक धोका जोडलेला असतो, मागच्या फिरत्या दांड्याचा, ज्याला सगळे पी.टी.ओ. म्हणतात. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, टॉवेलचे टोक, बाईच्या पदराची किनार, यांपैकी काहीही त्यात सापडले तर 'अरे' म्हणायच्या आत चार-पाच वेढे बसलेले असतात. म्हणून रोटाव्हेटर सोडताना इंजिन बंद करून पहिला निघतो तो हा दांडा, आणि त्यावरचे प्लास्टिकचे आवरण फुटले असेल तर ते आधी बदलायचे. अलीकडच्या पलटी नांगराला तेलाच्या नळ्या असतात. त्यांच्या बाबतीत इंजिन बंद केल्यावर लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करून नळीतला दाब घालवायचा असतो. हे न करता नळी ओढली तर गरम तेलाचा फवारा तोंडावर येतो. आणि दाब राहिलेली नळी पुन्हा जोडताना बसत नाही, म्हणून पुन्हा हातोडा.

सोडलेले औत हलवणे हा तर वेगळाच अध्याय. ट्रॅक्टरने हलवता येत असेल तर हाताने हलवू नये, हे पहिले. तेच करावे लागले तर तीन लोखंडी पाइप आणि एक लांब पहार पुरते. पहारीने एक बाजू वीतभर उचलायची, पाइप सरकवायचे, आणि पुढचा मोकळा झालेला पाइप मागून घेऊन पुढे टाकत जायचे. उतार असेल तर मागे पाचर हवी. बघे पुष्कळ जमतात आणि प्रत्येक जण आज्ञा देतो. म्हणून आज्ञा एकाच्याच आवाजात, आणि तो ज्याला औताच्या दोन्ही बाजू दिसतात त्याचा. पडू लागलेले लोखंड सावरायला धावायचे नाही. ते पडू द्यायचे. हे शिकायला मला फार वेळ लागला, कारण पडती वस्तू सावरणे हा आपला जन्मजात संस्कार आहे. घागर सावरावी, मूल सावरावे. रोटाव्हेटर सावरू नये.

रस्त्याने औत न्यायचे असेल तेव्हा मागचे ओझे ट्रॅक्टरचे तोंड हलके करते. निपाणीहून दक्षिणेला निघालात की तवंदीचा घाट लागतो. तेथे चढावर पुढची चाके जमिनीला नुसती चाटत चाललेला ट्रॅक्टर मी पाहिला आहे. स्टिअरिंग फिरत होते आणि ट्रॅक्टर सरळ जात होता. पुढे वजनाच्या पाट्या लावणे, औत फार उंच न उचलणे, बाजूच्या साखळ्या ताणून ते डुलणार नाही असे पाहणे, आणि मडगार्डवर पोराबाळांना न बसवणे, यात न कळण्यासारखे काहीही नाही. तरी मोसमात महामार्गावर उभे राहून पाहावे. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या आणि मडगार्डवर दोन-दोन माणसे.

मेस्त्री आज नाहीत. त्यांच्याकडून शिकलेले मी घरात वापरले, पण कोणाला बसवून शिकवले नाही. शिकवायचे तर आधी १९८६ चा मे महिना सांगावा लागला असता. भावाचा मुलगा मोठा झाला, शेती पाहू लागला. वडिलांच्या हाताचे असे का, हे त्याने लहानपणी एकदा विचारले तेव्हा 'औतात सापडला' एवढेच उत्तर त्याला मिळाले. कोणाच्या हातून, हे त्याला कोणी सांगितले नाही.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. खंडेनवमीला आमच्याकडे सगळी अवजारे धुऊन, पुसून, जमिनीवर मांडून त्यांची पूजा होते, कोयत्यापासून कल्टिव्हेटरपर्यंत. रोटाव्हेटर मात्र ट्रॅक्टरलाच जोडलेला, कमरेइतका उंच उचललेला, तसाच परड्यात उभा होता. त्याच्या खाली दोन पोरे वाकून पात्यांना झेंडूची फुले खोवत होती. मी ओरडलो. मुलांना बाजूला केले. पुतण्या धावत आला.

"आप्पा, रोज कोण काढत आणि लावत बसणार? इंजिन बंद आहे की."

"खाली घे आधी."

"काही होत नाही हो."

त्या वेळी माझा भाऊ गोठ्यातून बाहेर आला. त्याने काही न बोलता डावा हात मुलासमोर धरला. मग माझ्याकडे पाहिले. आणि मी सदतीस वर्षांपूर्वी काय झाले ते, पूजेचे ताट हातात असतानाच, सगळे सांगितले. हातोड्यासह. पुतण्या खाली बघत होता. भाऊ म्हणाला, "दादानं पिन मारली, पर दगुड म्या घाटला हुता." एवढ्या वर्षांत त्याने त्या दिवसाविषयी उच्चारलेले हे पहिलेच वाक्य. तो स्वतःलाही दोष देत आला होता, हे मला माहीत नव्हते.

या हंगामात पुतण्याने नवा पलटी नांगर आणला. बरोबर आलेली पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत. नांगर जो रोज लावणार आणि काढणार तो आमचा ड्रायव्हर रायबागकडचा. तो फक्त कन्नड वाचतो, तेही अडखळत. आपण पाट्यांच्या भाषेवरून पुष्कळ भांडलो आहोत, मीही भांडलो आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण या पुस्तिकेत सोडण्याचा क्रम चित्रासह अगदी बरोबर दिला आहे आणि ज्याच्या बोटांसाठी तो दिला आहे त्याला तो वाचता येत नाही, हे पाहून मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो क्रम सोप्या मराठीत लिहून काढला. ड्रायव्हरची मुलगी आठवीत, कन्नड शाळेत. मी वाक्ये सांगत गेलो आणि तिने आपल्या वडिलांना विचारून विचारून ती कन्नडमध्ये उतरवली. 'टॉप लिंक सैल होईपर्यंत फिरवा' यापाशी बापलेकीचा बराच वाद झाला. शेडच्या भिंतीवर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ऑइल पेंटने रंगवले आहेत. अक्षर तिचेच सुरेख आहे. माझे ओळ सोडून वर चढले आहे. पहिली ओळ दोन्हीकडे एकच, एकाच शब्दाची. ती मेस्त्रींची.

परवा संध्याकाळी नांगर सोडायचा होता. ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून पुतण्या आणि त्याचे वडील. मी खुर्ची टाकून लांब बसलो होतो. भावाने शेडमधून बाभळीचे दोन ठोकळे आणले आणि पायाजवळ ठेवले. नांगर टेकला. पुतण्याने इंजिन बंद केले, लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे केली, नळ्या काढल्या. ठोकळे काठीने सरकवले. भावाने डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी टॉप लिंक फिरवायला सुरुवात केली. तीन वेढे, चार वेढे. मग थांबून त्याने मुलाकडे पाहिले, मुलगा दोन पावले मागे सरला, आणि पिन निघाली. लोखंड जागचे हलले नाही. पुतण्याने किल्ली काढून खिशात घातली आणि दोघे हात धुवायला विहिरीकडे गेले.